तुटक रेघ आणि काळं रान

बीड जिल्ह्यात केज-अंबाजोगाईकडं फोन लावला की हल्ली एकच विषय निघतो: शेतरस्ता. वाट कुणी दाबली, बांध कुणी कोरला. त्यावर शहाण्यांचा सल्ला ठरलेला, "जुना नकाशा काढा, सगळं उघडं पडतंय."

पडतंच. निजामाच्या काळातली इंचाला मैलाची टोपोशीट, म्हणजे सर्वेक्षणाचा नकाशा बघा. अंबाजोगाई तिथं मोमिनाबाद आहे, पक्क्या सडका मोजक्या, पण गावागावातून गाडीवाटा चहूकडं फुटलेल्या. गावनकाशा आणखी बारकाईनं बोलतो. दुबार तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग, एकेरी म्हणजे पायमार्ग, त्याची रुंदी 8.25 फूट, मोजणीच्या 33 फुटी साखळीचे बरोब्बर चार आणे, म्हणजे पाव साखळी.

नकाशा सापडला, पुढं काय? मी राहतो त्या इंग्लंडात 1949 च्या कायद्यानं काउंट्यांना, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांना, पायवाटांचे नकाशे करायला लावले. त्यावर चढलेली वाट म्हणजे हक्काचा पुरावा. आमच्या घरामागं पिवळ्याधमक उभ्या पिकातून मधोमध मोकळा पट्टा जातो. शेतातली वाट नांगरली तर 14 दिवसांत किमान मीटरभर रुंद करून परत द्यायची. नाही दिली तर कौन्सिल, म्हणजे तिथली स्थानिक संस्था, करून घेते आणि खर्च शेतकऱ्याकडून वसूल करते.

आपल्याकडं तहसीलदार आदेश देतात, बंदोबस्तात जेसीबी फिरतो, फोटो निघतात. पुढच्या पेरणीला वाट परत कुळवाखाली. मग नवा अर्ज.

तरी इंग्लंडचा कायदा जसाच्या तसा उचला, असं मी म्हणणार नाही. इथं त्या वाटेनं लोक रविवारी कुत्री फिरवतात. आपल्याकडं ऑक्टोबरात पाऊस लागला आणि काळ्या रानात मळणीयंत्र शिरलं नाही, तर सोयाबीनची गंजी जागेवर कुजते. उसाच्या ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या असतात. बैलगाडीच्या हिशोबानं आखलेली वाट त्यांना कशी पुरणार? साडेसोळा फुटी वाट 660 फूट गेली की दहा गुंठे होतात. दोन एकरवाल्याचा तो आठवा हिस्सा. त्यानं भांडू नये तर काय करावं?

नकाशात आहे तेवढी वाट बिनबोभाट मोकळी व्हावी. त्याहून जास्त रुंदी लागली तर मोबदला मोजून घ्यावी. आणि ई-पीक पाहणीला, म्हणजे पिकाची नोंद ॲपवर करायला, मोबाइल घेऊन बांधावर जावंच लागतं, तर त्याच फेरीत वाटेचाही फोटो चढवा. ज्यानं नांगरली त्याला तेव्हाच नोटीस जाऊ द्या, पुढच्या अर्जाची वाट कशाला बघायची?