कळा हलवाव्यात की नाही? – एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

आपली प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा निम्मी पटली. आपलं म्हणणं असं: कळांवर हव्या त्या आज्ञा नेमण्याविषयीचा माझा लेख वाचून आपण एचपी ४८जीएक्स कॅल्क्युलेटरवर ‘डेलकीज’ ही नेमणुका पुसण्याची आज्ञा दिली आणि कॅल्क्युलेटर मुका झाला. शिवाय कळांचे अर्थ बदलले की दुसऱ्याच्या हातात तेच यंत्र चुकीचं उत्तर देतं, म्हणून कळा हलवू नका. आणि मोबाइल असताना हा खटाटोप हवाच कशाला?

पहिली चूक सरळसरळ माझी. ‘डेलकीज’ला शून्य दिलं तर आपण नेमलेल्या कळा पुसल्या जातात. एकेरी अवतरणात ‘एस’ दिला तर उलटंच होतं: ज्या कळांवर आपण काही नेमलेलं नाही, त्या सगळ्या यूझर मोडमध्ये, म्हणजे आपल्या नेमणुका चालतात त्या अवस्थेत, बंद पडतात. त्या मोडमधून बाहेर काढणारी कळही त्यातच जाते. मी दोन्ही प्रकार एका वाक्यात कोंबले होते. आता ऑन धरून वरच्या ओळीतली तिसरी, म्हणजे सी कळ दाबा आणि सोडा. स्टॅक, म्हणजे पडद्यावरची आकड्यांची चळत, रिकामा होईल, साठवलेलं शाबूत राहील. मग तसाच अवतरणातला ‘एस’ देऊन ‘स्टोकीज’ ही आज्ञा द्या, मूळ कळा परत येतील. फक्त ऑनबरोबर ए आणि एफ एकदम दाबू नका, तो मेमरी पुसण्याचा रस्ता आहे.

दुसऱ्या मुद्द्यावर तर माझ्याकडे आपल्यापेक्षा भारी उदाहरण आहे. जमीनमोजणीत ट्रॅव्हर्सचे, म्हणजे एकापुढे एक मोजलेल्या रेषांमधले, कोन अंश-मिनिट-सेकंदांत असतात. ४५ अंश ३० मिनिटं ४५ सेकंद हे ४५.३०४५ असं भरायचं. त्यात १२.४५३० साध्या अधिकने मिळवले तर ५७.७५७५ येतं, म्हणजे ७५ मिनिटं आणि ७५ सेकंद! ‘एचएमएस अधिक’ ही मिनिट-सेकंद सांभाळून बेरीज करणारी आज्ञा वापरली तर ५८.१६१५, हे बरोबर. पण ही आज्ञा टाइम मेन्यूच्या आत दडलेली, आणि आपला प्रोग्राम चालवायला व्हार ही साठवलेल्या गोष्टींच्या मेन्यूची कळ दाबली की तो मेन्यू गेलाच. पाच कोनांची बेरीज ५४० अंश येते का बघायला चार वेळा ती लागते. म्हणून सुरुवातीला मी शहाणपणा करून थेट अधिकच्या कळीवरच तिला बसवलं.

एकदा जोडीदाराने माझाच कॅल्क्युलेटर उचलून लांब्या मिळवल्या: २४.७५ आणि १०.५०. कळीने .७५ आणि .५० ही मिनिटं धरली, उत्तर ३६.०५. खरं ३५.२५. ऐंशी सेंटिमीटर हवेतून आले! पडद्याच्या वरच्या कडेला ‘यूझर’ लिहिलेलं होतं, पण ती बारीक अक्षरं कोण बघतो?

तेव्हापासून उघड्या, म्हणजे शिफ्टशिवाय दाबायच्या, कळांना मी हात लावत नाही. ‘एचएमएस अधिक’ आता ९५.३ वर आहे: नववी ओळ, पाचवी कळ, आणि दशांशापुढचा ३ म्हणजे हिरवी शिफ्ट. तिथे मुळात टॅगची, म्हणजे आकड्याला नाव चिकटवण्याची, दोन विसर्गचिन्हं उमटतात, जी मला कधीच लागली नाहीत. ‘एचएमएस वजा’ खालोखाल लागतं, ते ८५.३ वर. तिथली दुहेरी अवतरणं मात्र गेली, ती हवी असली की यूझर मोड बंद करतो. आज्ञा गिलेमेटच्या « » खुणांत, म्हणजे प्रोग्राम म्हणून, स्टॅकवर ठेवायची, मग कळीचा आकडा, मग एएसएन ही नेमणुकीची आज्ञा. एवढंच. तेव्हा ‘कळा हलवू नका’ हे आपलं म्हणणं मी अर्धं मानतो: उघडी कळ तशीच ठेवावी, शिफ्टखालच्या अडगळीत खुशाल हवं ते नेमावं.

मोबाइलबद्दल काय बोलू? भर उन्हात, घामेजल्या अंगठ्याने काच दाबून बघा, सर.

लेखातलं ते वाक्य दुरुस्त केलंय. ‘स्टोकीज’ करूनही साइनची कळ वेगळंच काही करत असेल तर त्या कळीवर काहीतरी नेमलं गेलंय. ती मूळपदावर आणायला ‘एसकी’ एकेरी अवतरणात, मग साइनच्या कळीचा आकडा ४१, मग एएसएन.