‘हात लागला की मांजर पिल्लं टाकते’: हा मेसेज पुढे पाठवू नका

जिन्याखाली, मीटरच्या खोलीत किंवा गच्चीवरच्या टाकीमागे भटकी मांजर व्याली, की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. मजकूर थोडक्यात असा: पिल्लांना माणसाचा हात लागला तर आई त्यांना टाकते किंवा खाते. आई दिसेनाशी झाली तर पिल्लं उचलून गाईचं दूध पाजा. फिसकारणारी मांजर रानटीच, तिची पिल्लंही माणसाळत नाहीत. म्हणून ती खायला लागली की मासळी बाजारात नेऊन सोडा, तिथे त्यांची सोय होते.

पाठवणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण यावर विसंबल्यामुळे पिल्लांचे जीव जातात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी हाताचं. मांजर पिल्लांना वासानं ओळखते हे खरं आहे. पण माणसाचा वास लागला म्हणून ती त्यांना परकं मानत नाही. मांजरींचा सांभाळ करणारे लोक नवजात पिल्लांचं रोज वजन करतात आणि परत आईच्या कुशीत ठेवतात. ती त्यांना चाटते, पाजते. पिल्लं हलवणं हा तर तिचा स्वभावच आहे. ‘मांजर पिल्लांना सात घरं फिरवते’ असं आपल्याकडे म्हणतातच, आणि ती ते कुणी हात न लावताही करते. मेलेलं किंवा अगदी अशक्त पिल्लू आई कधीकधी खाते, आणि काही वेळा बोका पिल्लं मारतो. नाव मात्र त्या बाईच्या हाताचं निघतं जिनं सकाळी पिल्लांना कुरवाळलेलं असतं.

म्हणून डोळेही न उघडलेली पिल्लं उचलून सगळ्या मजल्यांवर फिरवावीत असं मी म्हणत नाही. मांजर बिथरते ती गर्दीनं, टॉर्चच्या उजेडानं, मुलांच्या गलक्यानं. मग ती पिल्लं तोंडात धरून भर पार्किंगमधून नवी जागा शोधायला निघते, आणि धोका तिथे असतो. पहिले दोन आठवडे थोड्या अंतरावर खाणं-पाणी ठेवा आणि बाजूला व्हा.

दुसरा मुद्दा सगळ्यात घातक आहे. आई दिसत नाही म्हणजे सोडून गेली असं नसतं. तिला पोट भरायला जावं लागतं, तासन् तास लागू शकतात, आणि तुम्ही तिथे उभे असाल तर ती परतणारही नाही. पिल्लं हलवतानाही ती एकेक करून नेते; मागे राहिलेलं पिल्लू ‘टाकलेलं’ वाटतं, पण ती त्याच्याचसाठी परत येत असते. पिल्लांकडे नीट पाहा. पोटं गोल, अंग उबदार आणि एकमेकांत शिरून शांत झोपलेली असतील तर ती नुकतीच पिऊन झोपली आहेत. शंका असेल तर जागेभोवती गव्हाच्या पिठाची पातळ रेघ घाला आणि काही तासांनी पावलं उमटली का ते बघा.

अंग गार पडलंय, पोट खपाटीला गेलंय, सतत ओरडतायत, तर मात्र थांबू नका. तेव्हाही दूध नंतर, ऊब आधी. गार पडलेल्या पिल्लाला पाजलेलं पचत नाही, उलट जिवावर बेततं. कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवा आणि डॉक्टर गाठा. गाईच्या दुधानं जुलाब होतात, आणि इतक्या लहान जिवाला एका दिवसाचे जुलाबही पुरतात. मांजरीच्या पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते, ती वापरा. आणि बाळासारखं उताणं धरून पाजू नका, दूध फुप्फुसात जातं. पालथं, आईला पितं तसंच ठेवा.

आता ‘रानटी ती रानटीच’. इथे आई आणि पिल्लं यांना एकाच मापानं मोजलं जातं, आणि घोळ तिथेच होतो. आईला माणसाची भीती वाटायला तिचं अख्खं आयुष्य कारणीभूत आहे. तिचा विश्वास बसायला महिने लागतात, कधी तो हाताच्या अंतरापर्यंत येतच नाही. पिल्लांचं उलट आहे. साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात त्यांना जे भेटतं, ते पुढे आपलं वाटतं. अमेरिकेतल्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी 1980च्या दशकात हे तपासलं: तिसऱ्या आठवड्यापासून हाताळलेली पिल्लं पुढे माणसांजवळ जास्त रमली, सातव्या आठवड्यापासून हाताळलेली कमी. बापाचा स्वभावही उतरतो. सँड्रा मक्यून यांच्या 1995च्या अभ्यासात मनमिळाऊ बोक्याची पिल्लं जास्त धीट निघाली. पण त्याच अभ्यासात लहानपणी माणसांनी हाताळल्याचाही परिणाम दिसला. म्हणजे आई फिसकारते म्हणून पिल्लांवर पाणी सोडायचं काहीच कारण नाही. उशीर केला तर मात्र संधी जाते.

आणि फिसकारणं म्हणजे हल्ला नव्हे. ती सांगते आहे, ‘इथवरच.’ ते ऐकणं ही विश्वासाची सुरुवात आहे. आमच्या इमारतीतली करडी भाटी ताटलीशी यायची तेव्हा पुढचे पाय आणि मान तेवढी पुढे असायची, मागचे पाय उडी मारायच्या तयारीत. एक कान ताटलीकडे, दुसरा माझ्याकडे वळलेला. मी चप्पल सरकवली तरी ती जिन्याखाली पसार. म्हणून मी एकाच ठिकाणी, एकाच वेळी, जमिनीवर तिरकी बसू लागले. तिच्याकडे रोखून पाहायचं नाही. नजर भिडलीच तर डोळे सावकाश मिटायचे, सावकाश उघडायचे. ही नुसती हौशी लोकांची समजूत नाही. ससेक्स विद्यापीठाच्या 2020च्या अभ्यासात असे डोळे मिटणाऱ्या अनोळखी माणसाजवळ मांजरी जास्त आल्या. काही आठवड्यांनी ही भाटी मागचे पाय दुमडून, बसून जेवायला लागली. मला तेवढं पुरेसं होतं. हात मी लावलाच नाही.

पिल्लांना मात्र हात लावायचा, आई खात असताना, तिच्या नजरेसमोर. आधी चिंधी बांधलेली काठी जमिनीवरून ओढा. सगळ्यात धीट पिल्लू पंजा मारतं, बाकीची त्याचं बघून येतात. मग बोटावर उकडलेल्या चिकनचं वाटण, बिनमिठाचं, कांदा-लसूण न घातलेलं (दोन्ही मांजरांना विषारी). चाटताना दुसऱ्या बोटानं गालाला स्पर्श करा, डोक्यावरून हात नको. आई गुरगुरली तर हात मागे घ्या. पिल्लं घरात आणून कोंडली की आई मागोमाग येईल, असा सल्लाही कुणीकुणी देतं. ती दाराबाहेर रात्रभर ओरडते आणि तुमची पायरी कायमची सोडते. दूध-पोळीवरही भर देऊ नका. मांजर मांसाहारी प्राणी आहे, आणि पाजणाऱ्या आईला तर दुप्पट लागतं. सुकट-बोंबील खारट असतात, ते टाळा. बोचकारलं किंवा चावलं, तर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखान्यात जा. यात हयगय नको.

राहिला मासळी बाजार. तिथे आधीच मांजरं आहेत, त्यांच्या हद्दी ठरलेल्या आहेत, कुत्रे आहेत, टेम्पो आहेत. नवख्या पिल्लाला तिथे काट्याचा तुकडाही सुखासुखी मिळत नाही. उपासमार होईल अशा ठिकाणी प्राणी सोडून देणं हा 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हाही आहे. शिवाय आई मागेच राहते. पिल्लं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते, आणि जेमतेम नऊ आठवड्यांत पुढची वेत हजर होते.

उपाय नसबंदीचा आहे. पिल्लं स्वतःहून खायला लागली, की साधारण दोन महिन्यांच्या सुमारास आईची शस्त्रक्रिया करून घ्या आणि तिला तिच्याच जागी परत सोडा. माणसाळलेल्या पिल्लांना लसी देऊन घरं शोधा. इथे एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो: पिंजऱ्यात पकडलं तर कमावलेला विश्वास जाणार नाही का? थोडा जातो. तो कमीत कमी जावा म्हणून आधी काही दिवस दार बांधून उघड्या ठेवलेल्या पिंजऱ्यातच ताटली ठेवा, पकडल्याक्षणी पिंजऱ्यावर चादर टाका, अंधारात ती शांत होते. शस्त्रक्रियेआधी उपाशी किती वेळ ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा. सोडल्यावर ती काही दिवस लांब राहील. तुम्ही वेळ आणि जागा बदलू नका, आणि तिच्या मागे जाऊ नका.