वन पॉइंट फोर माणसं

आमच्या प्रोजेक्टच्या ब्लॅक बुकवर, म्हणजे बाइंड केलेल्या रिपोर्टवर, माझं नाव नाही. म्हणजे आहे, पण आद्याक्षरांत. बाकी तिघांची नावं आडनावासकट, सोनेरी, ठसठशीत. आणि मी, म्हणजे ग्रुप लीडर, तीन अक्षरं आणि तीन टिंबं. लग्नातल्या स्टीलच्या डब्यावर कोरतात तसा. पुस्तक जमा होऊन आठवडा झाला, तरी रात्री दिवा मालवला की ती टिंबं अंधारात चमकतात.

मागची कथा थोडक्यात. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, चौघांचा ग्रुप, विषय चेहरा ओळखून हजेरी लावणारं सॉफ्टवेअर. हा विषय आमच्या कॉलेजात दरवर्षी कुणीतरी घेतं आणि हजेरी अजून वहीतच लागते. चौघांत एक मुलगी, ती कोड लिहायची. एक जण जुलैतच "पीपीटी माझ्याकडे" म्हणाला आणि एप्रिलपर्यंत त्या शब्दाला जागला. चौथा बहुधा होता. माझा रोल नंबर सगळ्यात आधी म्हणून मी लीडर. लीडरचं काम प्लॅनिंग. प्लॅनिंग म्हणजे फोन करणं, आणि समोरच्यानं न उचलल्यावर "बघ जमलं तर" असा मेसेज टाकणं.

तर सबमिशनची आदली रात्र. डोंबिवली स्टेशनबाहेरचं झेरॉक्स-बाइंडिंगचं दुकान, दहाचा सुमार, पुढे सहा ग्रुप. काउंटरमागे काका. चष्मा कपाळावर, पेन कानावर, बोटांना फेव्हिकॉल. या काकांची एक खोड आहे. इतर दुकानवाले पानं मोजतात, हे वाचतात.

"हे काय, टेस्टिंग तीन आठवडे?" माझ्या गँट चार्टवर, म्हणजे कुठलं काम कधी ते आडव्या पट्ट्यांनी दाखवणाऱ्या तक्त्यावर, बोट ठेवून काका.

"हो काका."

"कधी?"

"फेब्रुवारीत. खाली लिहिलंय ना."

"फेब्रुवारीत तुमचं गॅदरिंग होतं. पास छापायला तूच बसला होतास इथे, त्या स्टुलावर."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मी म्हणालो, काका, प्रिंट मारा, उशीर होतोय. पण काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. म्हणजे आता प्रवचन.

"बाळा, एक सांगू? तुझे बार बघ. एक संपला की दुसरा सुरू, दुसरा संपला की तिसरा. जिना आहे हा. असा जिना दिसला की बाहेरून आलेला परीक्षक, एक्स्टर्नल, लगेच ओळखतो, काल रात्री काढलाय. खऱ्या कामात बार एकमेकांवर चढतात. डिझाइन चालू असतानाच कोडिंग घुसतं, कोडिंग चालू असताना गाईड विषय बदलते. सरकव हा बार डावीकडे."

मी सरकवला. गाईड मॅडमनी वर्षभरात जे सांगितलं नाही, ते पानाला दोन रुपये घेणाऱ्या माणसानं सांगितलं. (मॅडमचा दोष नाही म्हणा. त्यांच्याकडे पाच ग्रुप, वर कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या फायली. आमच्या लॉग बुकात पंधरा आठवड्यांच्या पंधरा सह्या त्यांनी एका दुपारी केल्या. खऱ्या वाटाव्यात म्हणून तीन रंगांची पेनं मीच नेली होती. हेही प्लॅनिंगच. याचे मार्क नाहीत.)

"आणि अजाईल लिहिलंयस," काका पुढचं पान उलटत म्हणाले, "चित्र वॉटरफॉलचं आहे." (वॉटरफॉल म्हणजे टप्पे धबधब्यासारखे एकाखाली एक. अजाईल म्हणजे थोडं करा, दाखवा, बदला, पुन्हा करा.)

"चालतं काका."

"चालतं रे. तुझ्या पुढच्या ग्रुपनंही तेच लावलंय. फक्त धबधब्याचा रंग वेगळा."

इथवर मी सहन केलं. मग आलं कोकोमोचं पान. ज्यांच्या नशिबी ही भानगड आली नाही त्यांच्यासाठी सांगतो. बॅरी बोहम नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९८१ साली एक सूत्र छापलं. कोडच्या ओळी किती होतील ते घाला, किती माणसं आणि किती महिने लागतील ते बाहेर येतं. आम्हाला ते रिपोर्टात घालावंच लागतं. ओळी आधी अंदाजानं धरायच्या असतात. आम्ही कोड संपल्यावर मोजल्या आणि अंदाज तंतोतंत बरोबर आला. तीन हजार ओळी. सूत्र म्हणालं, साडेपाच महिने आणि माणसं १.४.

काकांनी ते मोठ्यानं वाचलं. "वन पॉइंट फोर माणसं. वर नावं चार आहेत."

"ते सरासरी असतं काका."

"हो, पण हा वन कोण?"

आता खरं उत्तर मला माहीत होतं. वन ती मुलगी. तिनं चार महिने एकटीनं लॅपटॉप तापवला. पण रांगेत पंधरा जण कान टवकारून उभे होते, तेव्हा मी म्हणालो, "सगळे मिळून." काकांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, शिंपी कापड बघतो तसं, आणि म्हणाले, "तू त्या पॉइंट फोरमधला दिसतोस."

हे मला लागलं. अजून लागतंय. कारण पॉइंट फोरात पीपीटीवाला आहे, चौथा आहे, आणि त्यांच्यातून उरला तर मी. माझ्या वाट्याला दशांशाचाही तुकडा. पण ऑक्टोबरात चेहरे ओळखायला लागणारी डीलिब नावाची तयार कोडची लायब्ररी विंडोजवर इन्स्टॉल होईना, ती मुलगी प्रोजेक्टच बदलू म्हणून रडकुंडीला आली, तेव्हा सीनिअर्सना शोधून रात्री एकला कुणाच्या हॉस्टेलवर गेलं कोण? लॅबची किल्ली शिपायाकडून कुणी मिळवली? मॅडमना आमच्या प्रोजेक्टचं नाव दर आठवड्याला नव्यानं कुणी सांगितलं? या कामांच्या ओळी मोजायला सूत्र नाही.

चौथ्याचं राहिलं. आयबीएममध्ये ओएस/३६० चा गाडा हाकलेल्या फ्रेड ब्रूक्सनी १९७५ सालीच लिहून ठेवलंय, की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टात माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो. हे मला परीक्षेत पाच मार्कांना पाठ होतं. तरी डेमोच्या दोन दिवस आधी चौथ्याचा फोन आला, "भावा, मदतीला येतो," आणि मी ये म्हणालो. तो आला, वडापाव आणले, आणि "सगळं जुनं आहे रे" म्हणत आमचा कोड ज्या भाषेत होता ते पायथनच अपडेट केलं. डीलिब पुन्हा मेलं. ती मुलगी त्याच्याशी अजून बोलत नाही. माझ्याशीही जेमतेमच. मग डेमोत सॉफ्टवेअरनं आम्हा तिघांना ओळखलं आणि त्याच्या चेहऱ्यावर चौकट काढून लिहिलं, 'अननोन'. फोटो द्यायलाही तो कधी आला नव्हता. वर्षभरात आमच्या सॉफ्टवेअरनं केलेलं सगळ्यात अचूक काम हेच. एक्स्टर्नलला तो बग वाटला, मार्क कापले. चौघांचेही सारखेच.

तर कव्हर. मॅडमनी शेवटच्या क्षणी शीर्षकात 'युझिंग मशीन लर्निंग' घुसडल्यामुळे शीर्षकाच्याच चार ओळी झाल्या. काकांनी पट्टी लावली आणि म्हणाले, नावं बसत नाहीत, सगळ्यात लांब नाव कापावं लागेल. सगळ्यात लांब नाव माझं. वडिलांचं नाव, आडनाव धरून इंग्रजीत सत्तावीस अक्षरं. चौथ्याचं नाव आणि आडनाव मिळून नऊ. तो ऐटीत बसला.

"काका, मी लीडर आहे."

"मग तर चालेल. लीडरला कोण ओळखत नाही?"

गंमत म्हणजे ज्या तक्त्यावरून हे सगळं रामायण झालं, त्याच्या नावातही असाच घोळ आहे. कारोल अदामिएत्स्की नावाच्या पोलिश इंजिनिअरनं तसाच तक्ता १८९६ साली, गँटसाहेबांच्या कितीतरी आधी बनवला होता. पण पोलिश भाषेत त्याचा लेख छापून आला १९३१ मध्ये. तोवर जगभर तो गँट चार्ट झालेला. या माणसाबद्दल मला हल्ली फार जिव्हाळा वाटतो. त्याच्याही पुढे बाइंडिंगवाला उभा असणार.

परवा मी पुन्हा दुकानात गेलो. माझ्या एका कॉपीचं कव्हर बदलून मिळतं का, बघायला. काका म्हणाले, मिळेल, अडीचशे रुपये. मी म्हणालो, त्या दिवशी माझ्या तीन टिंबांचे तुम्ही पूर्ण ओळीचे पैसे घेतलेत. काका म्हणाले, "मी ओळीचे घेतो, अक्षरांचे नाही." आणि स्टुलावर बसलेल्या डिप्लोमाच्या पोराकडे वळले. त्याच्यासाठी स्क्रीनवर एक गँट चार्ट उघडला होता. बार एकमेकांवर चढलेले, टेस्टिंग डावीकडे सरकवलेलं.

"हा बघ, असा पाहिजे," काका त्याला सांगत होते.

"कुणाचा आहे?" पोरानं विचारलं.

"आहे कुठल्यातरी ग्रुपचा," काका म्हणाले आणि मग माझ्याकडे बघून, "तुझं काय रे, स्पायरल का?"