मावशी आज आल्या नाहीत

आमच्या घरात सकाळी साडेसहाला टुकटुक सुरू होते. मागच्या अंगणात पोहण्याचा पूल आहे, त्याच्या तळाशी सफाईचं यंत्र फिरत असतं, त्याचा हा आवाज. पंप चालू आहे तोवर तो थांबत नाही. निळं अंग, खाली घोळदार रबरी झगा, मागे बारा तुकड्यांची लांबलचक नळी. बायकोनं त्याचं नाव मावशी ठेवलंय. बारा वर्षांत मावशींनी एक खाडा केला नाही की दिवाळीला बोनस मागितला नाही.

२०२३च्या जुलैत एके दिवशी टुकटुक ऐकू आली नाही. खिडकीतून पाहिलं, तर मावशी खोल बाजूच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेल्या.

"मावशी आज आल्या नाहीत," मी बायकोला म्हणालो.

"आल्यात. कामाला हात लावत नाहीयेत," ती म्हणाली.

आम्ही अ‍ॅरिझोनात, फिनिक्सजवळ चँडलरला राहतो. आमच्या गल्लीत पूल नसलेलं घर शोधावं लागतं. नव्या नवरीबरोबर पाठराखीण यावी तसा घराबरोबर हा पूल आला, फरक इतकाच की पाठराखीण आठ दिवसांनी परत जाते. गावाकडच्या काकांना मी फोनवर कौतुकानं सांगितलं होतं, "घरामागे पूल आहे." काकांनी विचारलं, "कुठल्या नदीवर?" त्यांचा अंदाज फार चुकला नव्हता. पैसा वाहतोच त्याखालून. क्लोरीन, अ‍ॅसिड, फिल्टर, वीज, आणि उन्हाळ्यात रोज पाव-अर्धा इंच पाणी नुसतं उडून जातं ते वेगळं. पोहणं? मुलगी सहावीत असताना पोहायची. आता तिला केस ओले झालेले चालत नाहीत.

त्या उन्हाळ्यात अण्णा इथे होते. माझे वडील. गाव माण तालुक्यातलं, जिथे मार्च सरला की लोक टँकरची वाट बघतात, आणि उभी हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलेली. आल्या दिवशी ते पुलाच्या काठावर बराच वेळ उभे राहिले.

"किती पाणी असंल?"

"सत्तावन्न हजार लिटर."

त्यांनी ओठांतल्या ओठांत हिशेब केला. "पावणेसहा टँकर," असं म्हणून त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या. त्यानंतर पाच महिने त्या काठावर ते कधी चपला घालून गेले नाहीत. दुपारी तिथली फरशी तव्यासारखी तापायची, तेव्हा टाचांवर उड्या मारत जायचे, पण अनवाणीच.

तर मावशींना मी डिकीत घातलं आणि दुकानात नेलं. अण्णा बरोबर. काउंटरवरच्या पोरानं यंत्र उलटं केलं, एकदा टिचकी मारली आणि विचारलं, किती वर्षं झाली? मी बारा म्हणालो. त्यानं हॉस्पिटलातला डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतो तसा आवाज काढला आणि आम्हाला रोबोटकडे नेलं. किंमत अकराशे डॉलर. स्वतःची मोटर, भिंती चढतो, पुलाचा नकाशा काढतो, झालेल्या कामाचा निरोप फोनवर पाठवतो. मला तो आवडला होता, हे इथे कबूल करतो. कार्ड काढायला खिशात हातही गेला होता.

अण्णांना इंग्रजी बेताचं कळतं. त्यांनी मला एकच विचारलं, "खोलून बघितलं का त्यानं?"

"नाही."

"मग त्याला काय कळलं?"

आम्ही मावशींना घेऊन परत आलो.

पडवीत जुना टॉवेल अंथरून अण्णांनी यंत्र खोललं. आत बघून त्यांचा चेहरा खुलला, कारण आत काहीच नव्हतं. मोटर नाही, गिअर नाही, वायर नाही. एक वाकडी नळी आणि तिच्या तोंडाशी रबरी डायफ्रॅम, म्हणजे मऊ नळकांडं, वीतभर लांब, चपटं. पंप पाणी ओढतो तेव्हा तो चिमटतो, मग उघडतो, परत चिमटतो. दर वेळी नळीतल्या पाण्याला हिसका बसतो आणि त्या हिसक्यानं यंत्र बोटभर पुढे सरकतं. टुकटुक म्हणजे तेच. पंपाच्या ओढीवर चालणारं पहिलं गाजलेलं यंत्र, क्रीपी क्रॉली, फर्डिनांड शोविए नावाच्या हायड्रॉलिक्सच्या इंजिनिअरनं १९७४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बाजारात आणलं, हे मी फोनवर वाचून दाखवलं. अण्णांनी मान डोलवली. "डोकं लावलंय गड्यानं. बिघडायला काय ठेवलंच नाही."

पण बिघडलं होतं. डायफ्रॅम मधोमध फाटला होता, जुन्या हवाई चपलेचा अंगठा सुटतो तसा. मी नवा मागवायला फोन उचलला, तोवर अण्णा मुलीच्या सायकलपाशी पोचले होते.

"ही ट्यूबच की रं."

"अण्णा, ते वेगळं रबर असतं."

"रबर ते रबर."

सायकल तिची तिच्याच परवानगीनं पंक्चर होऊन दोन वर्षं पडलेली, त्यामुळे विरोध झाला नाही. अण्णांनी ट्यूबचा वीतभर तुकडा कापला, तारेनं आवळला, मावशी पाण्यात गेल्या. आणि चालल्या! टुकटुक नव्हे, फदफद असा आवाज करत, पण चालल्या. अण्णा कमरेवर हात ठेवून चाळीस मिनिटं बघत होते. एकेचाळिसाव्या मिनिटाला ट्यूब दुमडली, आत खेचली गेली आणि पंपानं असा हुंदका दिला की मी धावत जाऊन बटण बंद केलं. "मागव," अण्णा म्हणाले आणि आत जाऊन पेपर वाचत बसले.

नवा डायफ्रॅम आला, चौतीस डॉलर. बसवला. मावशी जागच्या हलेनात. पंपाच्या काचेसारख्या झाकणाखाली बघितलं, तर आत चहाला उकळी फुटल्यासारखे बुडबुडे. याचा अर्थ पाण्याबरोबर कुठून तरी हवा ओढली जातेय. नळी पाण्यावर तरंगते, तिची वरची बाजू बारा उन्हाळे भाजून निघालेली, म्हणजे तडा तिथेच कुठे तरी. पण तो डोळ्याला दिसेना.

"पंक्चर काढायचं," अण्णा म्हणाले. "घमेलं आण."

मग त्यांनी पुलाकडे बघितलं आणि म्हणाले, "राहू दे."

सत्तावन्न हजार लिटरच्या घमेल्यात पंक्चर काढणारे जगात आम्ही दोघंच असू. अण्णा बनियनवर, प्लॅस्टिकच्या स्टुलावर, पाय पाण्यात. मी छातीभर पाण्यात. ते नळीचा एकेक तुकडा सुटा करून द्यायचे, मी एक टोक तळव्यानं दाबायचं, दुसऱ्यात तोंड घालून फुंकायचं, आणि मधला भाग ते पाण्याखाली हळूहळू फिरवणार. पंक्चरवाला ट्यूब फिरवतो तसाच, अंगठ्यानं दाबत, कान तिरका करून. त्या उन्हाळ्यात फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट किंवा त्याच्या वर होता, म्हणजे आपल्या हिशेबानं त्रेचाळीसच्या पुढे. नळीची चव काय सांगू, क्लोरीन आणि शेवाळ यांची शिळी चटणी. पाचव्या तुकड्याला माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. शेजारी कुंपणावरून बघत होता. त्यानं हात हलवला. मला तोंड काढता येईना, म्हणून मी नळीच हलवली.

सातव्या तुकड्याला बारीक मोत्यांची माळ वर आली. "हाय! हाय!" अण्णा ओरडले. अकराव्यालाही निघाली. दोन नवे तुकडे, बेचाळीस डॉलर.

आता मावशी चालायला लागल्या, पण गोल गोल. एकाच जागी प्रदक्षिणा. तळाच्या धुळीत एक लख्ख वर्तुळ तयार झालं, बाकी सगळीकडे माती तशीच. हा मात्र माझा गुन्हा. थंडीत नळी काढून मी ती गॅरेजमध्ये खिळ्याला वेटोळं करून टांगली होती. ती सरळ ठेवायची असते. वेटोळं केलं की तिला तेच वळण लागतं आणि पाण्यात गेल्यावर ती यंत्रालाही तिकडेच वळवते. जुने दहाही तुकडे दोन दिवस अंगणात उन्हात सरळ आडवे टाकले. नळ्यांचं वळण गेलं, माझ्या पाठीचं सालटंही गेलं.

मग झगा झिजलाय असं दिसलं, अठ्ठावीस डॉलर. मग यंत्राचा तळवा, छत्तीस.

"एकूण किती झाले?" बायकोनं जेवताना विचारलं.

"एकशे चाळीस."

"आणि असंच नवं?"

"चारशेच्या घरात."

"म्हणजे वाचले." तिनं आमटी वाढली. "जुन्यातलं काय राहिलं पण?"

मी मोजलं. निळं डोकं, ती वाकडी नळी आणि लांब नळीचे दहा तुकडे.

"आमच्या आईच्या गोधडीत एवढं पण जुनं नव्हतं," अण्णा म्हणाले. "तरी आम्ही तिच्याच गोधडीत झोपायचो."

जुलैच्या अखेरीस एका संध्याकाळी वारा सुटला. इथे धुळीची भिंत येते, खरीखुरी भिंत, दोन-तीन मजली घरांवरून चालत येणारी, तपकिरी. अर्ध्या तासात पुलाचा बासुंदीसारखा रंग झाला, वर शेजारच्या बोगनवेलीच्या गुलाबी पाकळ्यांची सजावट. रोबोट घेतला असता तर बरं झालं असतं, हा विचार माझ्या मनात आला, आणि तो चेहऱ्यावर दिसला असावा, कारण अण्णा मुद्दाम माझ्याकडे बघेनात. रात्रभर पंप चालू ठेवला. मी तीनदा उठून फिल्टरची टोपली साफ केली. सकाळी अण्णा काठावर अनवाणी उभे होते. तळ दिसत होता. टुकटुक चालू होती.

ऑक्टोबरात अण्णा परत गेले. जाताना सायकलच्या ट्यूबचा उरलेला तुकडा रबरबँडनं बांधून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून गेले. वर चिठ्ठी: टाकू नये.

पुढच्या मे महिन्यात सकाळी टुकटुक ऐकू येत होती, पण तिच्यावरून कुणी तरी किंचाळत होतं. पंप. मी व्हिडिओ कॉल लावला. अण्णा गावी ओसरीवर बसलेले, मागे टँकरचा हॉर्न.

"तोंड दावू नगंस," ते म्हणाले. "फोन मोटरीपाशी न्हे."

नेला. ते डोळे मिटून ऐकत राहिले.

"बेरिंग गेलंय. बासष्ट शून्य तीन असणार. खोलून नंबर बघ."

संध्याकाळी खोलून बघितलं. ६२०३.

"साताऱ्यात कुठंबी मिळतं," अण्णा म्हणाले. "किती आणू?"