खोक्यावर मका, खोक्यात गहू

थँक्सगिव्हिंग जवळ आलं की अमेरिकेतल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मेसेज फिरायला लागतो. शब्द बदलतात, सांगणं तेच. कॉर्नब्रेड मक्याचा असतो, म्हणून ज्यांना ग्लुटेन (गव्हासारख्या धान्यांतलं प्रथिन) चालत नाही त्यांनी तो बिनधास्त खावा. दुकानातलं कुठलंही मिक्स आणा. 'ग्लुटेन-फ्री' छापलेलं महागडं पाकीट म्हणजे नुसती लूट. पाठीमागे 'व्हीट' दिसलं नाही की झालं. थोडंसं चालतं, आणि चिमूटभर गहू असलाच तर ओव्हनच्या आचेत जिरतो. आणि शंका असेल तर महिनाभर गहू सोडून बघा, कळेलच.

मेसेज खपतो, कारण सुरुवातीला त्यात थोडं तथ्य आहे. सीलिअ‍ॅक हा ग्लुटेनने बळावणारा आतड्याचा आजार. तो असलेल्या माणसाच्या आतड्याला इजा करतात ती गहू, बार्ली आणि राय यांतली प्रथिनं, म्हणजेच ग्लुटेन. मक्यातलं प्रथिन, झेइन, वेगळ्या बांधणीचं आहे आणि सीलिअ‍ॅकच्या आहारात मका जगभर चालतो. (मकासुद्धा सोडा असं बजावणारा उलटा मेसेजही अधूनमधून येतो. त्यालाही उत्तर हेच.) शिवाय कॉर्नब्रेड मुळात इथल्या मूलनिवासींच्या मक्याच्या भाकऱ्यांमधून आला. दक्षिणेकडच्या राज्यांत आजही जुन्या वळणाची घरं तो नुसत्या मक्याच्या पिठाचा करतात: ताक, अंडं, मीठ आणि तापलेला बिडाचा तवा. गहू नाही, साखरही नाही. हाच कॉर्नब्रेड डोळ्यासमोर ठेवला तर मेसेज बरोबर आहे.

पण दुकानातल्या खोक्यात हा कॉर्नब्रेड नसतो. खोक्यात असतो तो उत्तरेकडचा, गोडसर, केकसारखा मऊ प्रकार, आणि तो मऊपणा गव्हाच्या पिठातून येतो. झेइन ताणलं जात नाही. ते बुडबुडे धरून ठेवत नाही, म्हणून नुसत्या मक्याचा ब्रेड भुसभुशीत होतो आणि सुरी लावली की तुटतो. मक्याच्या भाकरीला थापताना कडेला भेगा पडतात त्याचं कारण हेच.

अमेरिकेत घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. सगळ्यांच्या ओळखीचं जिफीचं छोटं खोकं घ्या. मिशिगनमधल्या चेल्सी गावची चेल्सी मिलिंग कंपनी ते बनवते. त्याच्या यादीत पहिलं नाव गव्हाच्या पिठाचं आहे, मक्याचं पीठ दुसरं. म्हणजे ज्याच्या नावाने विकलं जातं तो मका त्यात गव्हापेक्षा कमी आहे. क्रस्टीझच्या नेहमीच्या हनी कॉर्नब्रेड मिक्सची गोष्टही वेगळी नाही. यात कंपन्यांनी काही लपवलेलं नाही, सगळं खोक्यावर छापलेलं असतं. आपण पुढचं चित्र बघून खोकं ट्रॉलीत टाकतो, एवढंच.

त्याहून फसवी वस्तू म्हणजे दक्षिणेत मिळणारं 'सेल्फ-रायझिंग कॉर्नमील मिक्स'. पिशवी साध्या मक्याच्या पिठासारखीच दिसते, ठेवलेलीही त्याच फळीवर असते. त्यात बेकिंग पावडर आणि मीठ असतं हे नावावरून कळतं, पण यांतल्या बऱ्याच पिशव्यांत गव्हाचं पीठही मिसळलेलं असतं. घरी करायचा म्हणून मुद्दाम साधं पीठ आणलं असं समजणारा माणूस इथे हमखास अडकतो. आपल्याकडे हिंगाचं असंच होतं. डबीतला बांधानी हिंग बहुधा गव्हाच्या पिठात कालवलेला असतो आणि तो फोडणीतून घरभराच्या पानात जातो. सीलिअ‍ॅकवाल्या मुलासाठी पोळी बंद केलेल्या कित्येक घरांत हिंगाची डबी तशीच असते.

"पाठीमागे 'व्हीट' नसेल तर झालं." हा मुद्दा जरा नीट बघू. 2004 साली झालेल्या आणि 1 जानेवारी 2006 पासून लागू असलेल्या अमेरिकी कायद्याप्रमाणे पाकिटात गहू असेल तर तो साध्या शब्दांत लिहावाच लागतो. म्हणून 'व्हीट' दिसलं की खोकं खाली ठेवायचं, इथवर नियम चोख आहे. उलट बाजूने तो लागू पडत नाही. एक तर तो कायदा गव्हापुरता आहे, बार्ली आणि राय त्याच्या यादीत नाहीत. बार्लीपासून केलेलं माल्ट कितीतरी कॉर्नफ्लेक्समध्ये चवीला घातलेलं असतं. तिथे 'कंटेन्स व्हीट' दिसणार नाही, आणि तरीही तो मका सीलिअ‍ॅकवाल्याच्या कामाचा नाही. दुसरं, गहू आणि मका एकाच गिरणीत दळला गेला तर ते सांगणं कंपनीवर बंधनकारक नाही. 'मे कंटेन' ही ओळ पूर्णपणे ऐच्छिक आहे. 2010 साली अमेरिकेत एक छोटी पाहणी प्रसिद्ध झाली. मुळात ग्लुटेन नसलेली, पण 'ग्लुटेन-फ्री' असं न छापलेली 22 धान्यं आणि पिठं त्यात तपासली होती. त्यांतल्या 7 नमुन्यांत किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन निघालं. सोयाबीनच्या एका पिठात तर हजारांत.

त्या 20 मिलिग्रॅमच्या आकड्यामुळेच 'ग्लुटेन-फ्री' या शब्दांना वजन आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2013 मध्ये नियम केला आणि ऑगस्ट 2014 पासून तो पाळणं सक्तीचं झालं. पाकिटावर हे शब्द छापायचे तर ग्लुटेन त्या मर्यादेच्या आतच हवं. भारतात एफएसएसएआय या अन्नसुरक्षा नियामकाची मर्यादाही तीच आहे. जीएफसीओ या ग्लुटेन-फ्री प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा शिक्का असेल तर मर्यादा आणखी खाली, 10 वर. तेव्हा लूट म्हणायची ती किमतीला म्हणा. शब्द पोकळ नाहीत.

"थोडंसं चालतं." किती थोडं? 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात सीलिअ‍ॅकच्या रुग्णांना तीन महिने रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन दिलं, तेवढ्यानेही आतड्याच्या अस्तरावर परिणाम दिसला. खोक्यातल्या मिक्सच्या एका मफिनमध्ये गव्हाचं पीठ दहा ग्रॅम धरलं तरी ग्लुटेन अर्ध्या ग्रॅमच्या वर जातं, म्हणजे त्या मात्रेच्या दहापट. शिवाय पोट दुखलं नाही म्हणजे इजा झाली नाही, असंही नसतं. कित्येकांना काहीच जाणवत नाही आणि सापडतो तो रक्तक्षय किंवा ठिसूळ झालेली हाडं.

ओव्हनच्या आचेत ग्लुटेन जिरत असतं तर सीलिअ‍ॅकवाले पाव खात असते. पुढे जाऊ.

महाग आहे, हे खरं. बॉब्ज रेड मिल, किंग आर्थर आणि क्रस्टीझ या तिघांचीही ग्लुटेन-फ्री कॉर्नब्रेड मिक्स आहेत, आणि साध्या खोक्याच्या मानाने त्यांना जास्त पैसे पडतात. क्रस्टीझची दोन्ही खोकी शेजारीशेजारी असू शकतात, घाईत हात चुकतो. बॉब्ज रेड मिलचं साधं कॉर्नमीलही दोन प्रकारचं येतं, त्यातलं 'ग्लुटेन-फ्री' छापलेलंच घ्यायचं. आणि पैसेच वाचवायचे तर मिक्सची गरजच नाही. ते कॉर्नमील दोन कप, ताक दीड कप, दोन अंडी, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खायचा सोडा, मीठ, चार मोठे चमचे वितळलेलं लोणी. बिडाचा तवा ओव्हनमध्ये 425 अंश फॅरेनहाइटला आधी तापवून त्यात ओतायचं, वीस-पंचवीस मिनिटं. भारतात 'कॉर्नफ्लोअर' म्हणून मिळणारी पांढरी पूड इथे चालणार नाही, ते नुसतं स्टार्च असतं. तवा मात्र असा हवा ज्यात कधी गव्हाचं काही भाजलेलं नाही. बिडाचा तवा साबणाने खसखसून घासत नाहीत, त्यामुळे जुन्याचा भरवसा धरू नये.

पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कुणी "मक्याचाच आहे हो" म्हणत कॉर्नब्रेड पुढे केला तर खोकं मागून बघावं. खोकं कचऱ्यात गेलं असेल तर नको म्हणावं. यजमानीणबाई रागावतील, रागावू द्या. हॉटेलातही हाच प्रश्न विचारायचा, कारण तिथल्या कॉर्नब्रेडमध्येही गहू असण्याची शक्यताच जास्त.

राहिला तो महिनाभर गहू सोडून बघायचा शेवटचा सल्ला, आणि सगळ्या मेसेजमध्ये घातक तोच आहे. सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी गहू खाल्ल्यामुळे शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं मोजते. गहू आधीच सोडला की ती उतरायला लागतात, अस्तरही भरून यायला लागतं, आणि आजार असूनही रिपोर्ट स्वच्छ येऊ शकतो. मग खात्री करायची तर डॉक्टर पुन्हा काही आठवडे गहू खायला सांगतात, आणि बरं वाटू लागलेल्या माणसाला ते फार जड जातं. म्हणून शंका असेल त्याने आधी पोळी खात खात टीटीजी-आयजीए ही तपासणी करून घ्यावी. गहू सोडायचा की नाही ते रिपोर्ट हातात आल्यावर डॉक्टरांशी बोलून ठरवावं.