जागा धरली आहे

स्वारगेटवर वाईच्या गाडीत खिडकीपाशी पिशवी ठेवून मी पाण्याची बाटली आणायला खाली उतरलो आणि परत आलो, तेव्हा पिशवी वरच्या फळीवर गेलेली होती व तिच्या जागी कानांत वायरी घातलेला एक तरुण बसला होता. गोष्ट गेल्या रविवारची असून ती अजून माझ्या डोक्यातून उतरलेली नाही. तरुणाबद्दल माझे फारसे म्हणणे नाही, कारण त्याने माझ्याकडे पाहिलेच नाही. मागच्या बाकावरच्या टोपीवाल्या आजोबांनी मात्र कोणी न विचारता हा खटला चालवायला घेतला.

“काय ठेवलं होतं?” त्यांनी विचारले.

“पिशवी.”

“पिशवी म्हणजे सामान. सामानाची जागा वर. रुमाल टाकला होता का?”

“रुमाल खिशात आहे.”

“मग खिशातली जागा धरली तुम्ही. तिथे कोणी बसलंय का? नाही ना? झालं तर.” आजूबाजूचे हसले, तसा त्यांना हुरूप आला. “रुमाल असता तर मी स्वतः याला उठवलं असतं. काय रे, उठला असतास की नाही?”

तरुणाची मान डोलत होती. ती गाण्यावर डोलते आहे हे मला दिसत होते, पण आजोबांनी ती साक्ष म्हणून नोंदवून घेतली. “बघा, त्यालाही पटतंय. वय काय तुमचं?”

“त्रेपन्न.” वयाचा इथे काय संबंध, असे मी विचारायला हवे होते, परंतु न्यायासनासमोर माणूस मुकाट्याने उत्तरे देतो.

“अरेरे! म्हणजे अर्ध्या तिकिटाला अजून बारा वर्षं.” त्यांनी बंडीच्या खिशातून स्वतःचे तिकीट काढले, त्याची घडी मांडीवर ठेवून अंगठ्याने सपाट केली आणि माझ्यासमोर धरले. “आमचं शून्य. पंचाहत्तरी गाठा, मग खिडकी मागा.”

शिरवळच्या स्थानकात गाडी थांबली, तेव्हा हे गृहस्थ डोक्यावरची टोपी बाकावर ठेवून खाली उतरले आणि जाता जाता मला म्हणाले, “लक्ष असू द्या जरा.” एक बाई येऊन तिथे बसू लागल्या, तेव्हा “जागा धरली आहे” असे त्यांना सांगणारा माणूस मीच होतो.

पंचाहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे लागू झाले. दुसऱ्याला सवलत मिळाली म्हणून आपल्या पोटात दुखू नये, हे मला समजते, आणि सपाट रस्त्यावर ते दुखतही नाही. पण गाडीतल्या मोजक्या पूर्ण तिकिटांपैकी एक खिशात ठेवून, एका हाताने दांडा धरून खंबाटकीची वळणे उभ्याने घेताना दुखते. खिडकीत बसलेला तो तरुणही पूर्ण तिकिटाचाच असणार, पण त्याला निदान हवा लागत होती.

माझ्या आत्याआजीपुढे हे न्यायमूर्ती शिरवळपर्यंतसुद्धा टिकले नसते. ती माझ्या वडिलांची आत्या. लवकर विधवा होऊन माहेरी परतली आणि पुढे त्या घरातल्या सगळ्या पिढ्यांवर तिने राज्य केले. आजीआजोबांच्या आठवणी सांगताना लोक सुरकुतलेले मऊ हात आणि देवघरातली समई सांगतात. आत्याआजीचे हात राठ होते आणि तिचे खरे कर्तृत्व देवघरात नव्हे, तर एसटी स्थानकावर दिसत असे. रुमालावर तिचा विश्वास नव्हता, कारण रुमाल कोणीही उचलून बाजूला ठेवतो. तिच्याकडे पाण्याने भरलेला, फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या होता. फलाटाला लागणाऱ्या गाडीबरोबर चालत जाऊन ती तो खिडकीतून बाकावर ठेवी आणि बाहेरूनच ओरडे, “गंगा आहे हो त्यात, लवंडली तर पाप लागेल!” ती गंगा आमच्या न्हाणीघरातल्या नळाची होती. तेवढ्यात मला चालकाच्या दारातून आत ढकललेले असे, आणि तांब्याशेजारची जागा मी पालथा पडून धरत असे.

वडील सांगत, की १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी सुटली, त्या गाडीची तिकिटे आत्याआजीला विचारूनच दिली असतील. २०२२ साली त्याच तारखेला, त्याच मार्गावर विजेवर चालणारी शिवाई सुरू झाली. तिच्या काचा वातानुकूलनासाठी बंद असतात. तांब्या आत जाणार कुठून, हा प्रश्न कोणाच्याही मनात आलेला दिसत नाही.

एवढी लढाई करून मिळवलेली खिडकी ती मला देई. घाटात माझ्या पोटात ढवळत असे, म्हणून माझ्या एका हातात लिंबू, तोंडात आवळासुपारी आणि पाठीवर तिचा तो राठ हात, अशी आमची बैठक असे. ती स्वतः वाटेच्या कडेला बसून येणाऱ्याजाणाऱ्याचे धक्के खाई आणि प्रत्येक धक्क्याचा हिशेब तिथल्या तिथे चुकता करी.

तिचा पराभव मी एकदाच पाहिला. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नसे आणि मी तिच्या हिशेबाने बरीच वर्षे पाचाच्या आतच होतो. एका कंडक्टरने तिकिटांच्या ट्रेवर चिमटा टकटक वाजवत माझ्याकडे निरखून पाहिले. “आजी, हा पाचाचा वाटत नाही.” आत्याआजी म्हणाली, “अंगानं थोराड आहे.” कंडक्टर बेरकी होता. तो म्हणाला, “असेल, असेल. चेहऱ्यावरून जरा मंदच दिसतो.” आत्याआजी ताठ झाली. “मंद? अहो, औटकी येते त्याला! म्हण रे!” मी सगळी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, न अडखळता म्हटली. कंडक्टरने शेवटपर्यंत ऐकली, शाबासकी दिली आणि अर्धे तिकीट फाडले.

त्यानंतरच्या प्रत्येक प्रवासात, गाडी फलाटाला लागायच्या आधी, ती मला खांद्याला धरून वळवी, तांब्याची फिरकी घट्ट करी आणि बजावी, “आज तुला पाढे येत नाहीत.”