‘खऱ्या लीडरला शंका येत नाही’ हे साफ खोटं आहे

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज आला. मावसभावाने टाकला होता, त्याला तो ऑफिसातून आला होता. नंतर तोच मला आणखी तीन ग्रुपांवर दिसला. मथळा ‘खऱ्या लीडरची पाच लक्षणं’. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: खऱ्या लीडरला स्वतःबद्दल शंका येत नाही, सचिन कधी घाबरला का? कोचिंग, म्हणजे आपल्या कामात कुणाचं तरी मार्गदर्शन घेणं, ही दुबळ्यांची कुबडी आहे, शिवाजी महाराजांना कुठला कोच होता? रोज सकाळी आरशासमोर उभं राहून ‘मी सर्वोत्तम आहे’ म्हणा, २१ दिवसांत न्यूनगंड जातो. हाताखालच्या माणसांसमोर ‘मला माहीत नाही’ हे शब्द कधीही उच्चारू नका. आणि कोचिंग हा निव्वळ पैसे उकळण्याचा धंदा आहे.

एरवी असले मेसेज मी न वाचता पुढे सरकते. हा माझ्या धाकट्या बहिणीने मनावर घेतला, म्हणून लिहायला बसले आहे.

ती एका खासगी हॉस्पिटलात नर्स आहे. चौदा वर्षं नोकरी झाली, जूनमध्ये तिला वॉर्डची इन्चार्ज केलं. तेव्हापासून तिला सतत वाटतंय की आपण या खुर्चीच्या लायकीचे नाही, आज ना उद्या कुणाच्या तरी लक्षात येईल. त्यात वॉर्डात नव्या कंपनीचे सिरिंज पंप (ठरावीक वेगाने शिरेत औषध सोडणारी यंत्रं) आले, कुणालाही न शिकवता. एका संध्याकाळी सहा महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी पंप घेऊन तिच्याकडे आली, ‘मॅडम, याचा रेट कसा लावायचा?’ बहिणीलाही येत नव्हतं. ‘ठेव तिथे, बघते मी,’ म्हणून तिने मुलीला पाठवून दिलं आणि औषधांच्या खोलीत दार लोटून मोबाइलवर त्या पंपाचा व्हिडिओ शोधत बसली. पंधरा मिनिटं. पेशंटचं औषध तेवढा वेळ थांबलं. शेवटी दुसऱ्या वॉर्डातले एक जुने ब्रदर (पुरुष नर्स) काही कामाने तिकडे आले, त्यांनी दोन मिनिटांत लावून दिला.

पेशंटला काही झालं नाही. पण मी म्हटलं, ‘अगं, सरळ सांगायचंस ना, मलाही येत नाही, चल कुणाला तरी विचारू.’ तर म्हणाली, ‘तायडे, इन्चार्जने असं म्हणायचं नसतं.’ मेसेजमधलं वाक्य जसंच्या तसं तिच्या तोंडून आलं.

म्हणून या ‘मला माहीत नाही’पासूनच सुरुवात करते. पाचांतला हा मुद्दा नुसता चुकीचा नाही, घातक आहे, आणि तो हॉस्पिटलांमध्येच तपासला गेलेला आहे. एमी एडमंडसन हार्वर्डमध्ये पीएचडी करत होत्या, तेव्हा दोन हॉस्पिटलांतल्या आठ विभागांमधल्या औषधांच्या चुकांचा त्यांनी अभ्यास केला. चांगल्या टीमकडून चुका कमी होतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले: चांगल्या टीमच्या नावावर जास्त चुका. खोलात गेल्यावर उलगडा झाला. त्या टीममध्ये नर्स चूक बोलून दाखवायला घाबरत नव्हत्या, बाकीच्या ठिकाणी चुका लपत होत्या. हा निबंध १९९६ साली प्रसिद्ध झाला. आता सांगा, ज्या वॉर्डात इन्चार्जच ‘माहीत नाही’ म्हणत नाही, तिथे सहा महिन्यांची मुलगी ‘ताई, माझ्याकडून डोस चुकला’ कशाच्या बळावर म्हणेल? वरचा गप्प बसला की खालचेही शिकतात गप्प बसायला. ही शिकवण चार ग्रुपांवर फिरते आहे आणि लोक त्याखाली हात जोडतायत, याचा मला संताप येतो.

इथे एक गोष्ट मान्य करते. पेशंटचं हृदय बंद पडलं की तिथे चर्चा करत बसता येत नाही, एकाने आवाज चढवून कामं वाटून द्यावीच लागतात. अशा वेळी चाचरणारा प्रमुख नको, हे खरं. पण ती दहा-पंधरा मिनिटं असतात. त्यांचा नियम वर्षभराच्या कारभाराला लावायचा नसतो.

सचिनचं काय ते लगेच संपवते. २०२१च्या मे महिन्यात स्वतः तेंडुलकरनेच सांगितलं की कारकिर्दीतली दहा-बारा वर्षं त्याला सामन्याआधी अस्वस्थता असायची, रात्री झोप लागायची नाही. पुढे त्याने ते तयारीचाच भाग म्हणून स्वीकारलं. चहा करणं, कपड्यांना इस्त्री करणं, आदल्या दिवशीच बॅग भरून ठेवणं, यात मन शांत व्हायचं. आणि शिवाजी पार्कवर आचरेकर सर कोण होते मग? ज्याचं नाव घेऊन कोचिंगला नावं ठेवता, तो तर कोचच्या हाताखालीच घडला.

महाराजांबद्दल एवढंच म्हणेन की त्यांचं नाव असल्या मेसेजात वापरू नये. १६६५ साली पुरंदरच्या तहात २३ किल्ले देणारा राजा आपलं आणि समोरच्याचं बळ नीट जोखून होता. आपण अजिंक्यच आहोत अशी घोषणा देत बसला असता तर पुढचं स्वराज्य दिसलं नसतं. जिजाऊ होत्या, पुढे अष्टप्रधान होते. ‘कोच’ हा शब्द तेव्हा नव्हता, पण विचारायला माणसं होती.

कुबडीचं म्हणाल तर अतुल गावंडे यांचं उदाहरण घ्या. वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटीचे, हे स्वतः बॉस्टनचे नावाजलेले सर्जन. हात बसलेला, निकाल उत्तम, तरी त्यांनी आपल्या निवृत्त शिक्षकांना ऑपरेशन थिएटरमध्ये बोलावून कोपऱ्यात उभं केलं: माझं काय चुकतं ते बघा. सरांनी दाखवलं की कोपर हवेत उचललं जातंय, आणि दिवा जखमेवरून सरकलाय तरी यांना पत्ता नाही. २०११ साली ‘न्यूयॉर्कर’ या अमेरिकी साप्ताहिकात गावंड्यांनीच हे लिहिलं. यात दुबळं काय आहे?

आरसा आणि २१ दिवस. २००९ साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोआन वूड आणि सहकाऱ्यांनी असली स्वस्तुतीची वाक्यं लोकांना घोकायला लावून पाहिली. ज्यांना मुळातच स्वतःबद्दल कमी वाटत होतं, त्यांना घोकल्यावर आणखी वाईट वाटलं. ज्याच्यासाठी औषध, त्यालाच बाधलं. २१ आकड्यालाही आधार नाही. लंडनमधल्या अभ्यासात सवय लागायला सरासरी ६६ दिवस लागले.

राहिला धंद्याचा मुद्दा. हे निम्मं खरं आहे, नाइलाजाने कबूल करते. आपल्याकडे कोच म्हणवून घ्यायला कुठलाही सरकारी परवाना लागत नाही, आणि दोन दिवसांच्या शिबिराचे हजारो रुपये घेऊन टाळ्या वाजवायला लावणारे मीही पाहिलेत. या मेसेजच्या तळाशीसुद्धा ‘तीन दिवसांचं लीडरशिप शिबिर’ आणि नोंदणीची लिंक आहे, ती कुणी वाचलेली दिसत नाही.

पण नीट केलेल्या कोचिंगचा उपयोग होतो. २०२०मध्ये ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गच्या संशोधकांनी १०३ तरुण कर्मचाऱ्यांवर तो तपासला. एका गटाला कोचिंग, एकाला प्रशिक्षण, एकाला काहीच नाही. प्रशिक्षणाने माहिती जास्त वाढली. पण ‘मी बनावट आहे, पकडला जाईन’ ही भावना कमी झाली ती कोचिंगने, आणि चुका झाकायची वृत्तीही घटली. हे सगळे प्रमुख पदावरचे नव्हते, हे खरं. पण औषधांच्या खोलीत दार लोटून बसलेली माझी बहीण मला त्या निष्कर्षात दिसते.

मेसेज वाचून ती आरशासमोर पुटपुटायला लागली होती. मीच तिला आमच्या ओळखीच्या एका निवृत्त मेट्रनबाईंकडे (हॉस्पिटलातल्या सगळ्या नर्सच्या प्रमुख) नेलं. चार बैठका झाल्या. बाई उपदेश करत नाहीत, प्रश्न विचारतात. पहिल्याच दिवशी त्यांनी वहीत उभी रेघ मारायला लावली. डावीकडे ‘मला येत नाही’, उजवीकडे ‘मला येत नाही असं वाटतं’. आठवडाभर ड्युटी संपली की लिहायचं. डावीकडे तीनच गोष्टी आल्या: नवा पंप, रजांचा हिशेब, स्टोअरला द्यायचं इंडेंट, म्हणजे सामानाची मागणी. उजवी बाजू दीड पान. ‘डॉक्टरांशी बोलणं’ त्यात दोनदा. बाईंनी विचारलं, ‘चौदा वर्षं राउंडला डॉक्टरांशी कोण बोलत होतं?’ बहीण बराच वेळ वहीकडे बघत राहिली.

डावीकडचं शिकून घ्यायचं, उजवीकडचं एकेक घेऊन बोलायचं, एवढं ठरलंय. पंपाच्या कंपनीचा माणूस बुधवारी वॉर्डात येतोय, तिनेच मागे लागून बोलावलाय. त्या नव्या मुलीला तिने सांगितलं, ‘मलाही येत नाही गं हा, आपण दोघी पुढे बसू.’